आदिलाबादच्या पुढचा समुद्र

आमच्या राळेगावच्या गल्लीत समुद्र पाहिलेला माणूस एकच, आमचे बाबा. असं बाबाच सांगायचे. लग्नाआधी म्हणे ते पांढरकवड्याहून कापसाच्या ट्रकवर बसले, हैदराबाद ओलांडून थेट समुद्राला लागले, तिथल्या दीपगृहावर चढले आणि दिव्यात आपल्या हातानं तेल घातलं. भाजीत मीठ जास्त झालं की बाबांना समुद्र आठवायचा, लाइट गेली की दीपगृह. विजेच्या काळात तेल कुठलं, असं मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, तुझ्या पुस्तकातलं दीपगृह वेगळं.

मी पुढं खोदून विचारलं नाही, ते आईमुळे. तिला तीन स्थळं सांगून आली होती. दोघांनी एकरं सांगितली, बाबांनी समुद्र सांगितला. एकरं सगळ्यांकडंच होती, असं आई म्हणायची आणि गालातल्या गालात हसायची. तुलाही नेऊन दाखवीन, असं बाबांनी तेव्हाच कबूल केलं होतं. मग दर वर्षी कधी कापूस आडवा आला, कधी सोयाबीन, कधी तूर. पण आईचा होकार उभा होता तो त्या दीपगृहावर, आणि ते मुळात नसलंच तर काय, हा प्रश्न घरात मी सोडून कोणाला पडलेला दिसत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात मी कोकणाची तिकिटं काढली. आईला समुद्र दाखवायचा, हे जाहीर कारण. बाबांना पकडायचं, हे माझं खासगी. मला माणसं पकडायला आवडतं, त्यात बाप असला तर जास्तच. तिकिटं पाहून बाबांचे गुडघे दुखायला लागले. मग तूर सोंगायची राहिली होती. मग कोकणातला समुद्र वेगळा असतो, त्याची आपल्याला माहिती नाही, असं निघालं. आईनं तोवर दशम्या बांधल्या होत्या.

दीपगृहाची वाट कड्याकडेनं होती. तांबडा दगड, करवंदीच्या जाळ्या, डाव्या हाताला खाली नुसतं पाणी. वारा असा की आईला एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं बाबा धरावे लागले. बाबा गप्प होते. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "एवढं पाणी, अन् एका वावराच्या कामाचं नाई."

वाट खाली उतरली तिथं पाटी होती. समुद्री जीवांचं राखीव क्षेत्र, शिंपले उचलू नका, प्रवाळावर पाय देऊ नका. पुढं काळ्या खडकांचा पट्टा थेट दीपगृहाच्या टेकाडापर्यंत गेला होता. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात खेकडे, तारामासे आणि बोट दाखवलं की मिटणारी फुलासारखी कसली तरी जनावरं. आई प्रत्येक खळग्याशी वाकून बघत होती. एक शिंपला तिच्या ओच्यात गेलाच होता, तेवढ्यात रखवालदारानं शिट्टी फुंकली. तिनं तो अशा तोऱ्यात परत ठेवला, की शिंपलाच चुकून आत आला असावा. बाबा मागं राहिले होते. कोणी बघत नाही असं समजून त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि हळूच म्हणाले, "खरंच खारट हाय." मी बघत होते. मला गुदगुल्या व्हायला लागल्या.

रखवालदारानं बजावलं, दुपारच्या आत परत या, नंतर वाट राहत नाही. बाबांनी हात उडवला. "आमाले समुद्र नवा नाई."

दीपगृहाचं दार दुपारनंतर उघडणार होतं. आम्ही भिंतीच्या सावलीत दशम्या आणि ठेचा सोडला. पोट भरल्यावर तिघांचाही डोळा लागला. उठून पाहतो तर आलो ती वाट गायब. खडक नाहीत, खळगे नाहीत, चहूकडून पाणी आणि ते अजून चढत होतं. पलीकडं रखवालदार हातानं बसा, बसा अशी खूण करत होता. बाबांनी कपाळावर हात धरला, जाणत्या माणसासारखं चहूकडं पाहिलं आणि म्हणाले, "वरतून कुठं तं धरणाचं पाणी सोडलं दिसते."

मी हसून हसून खाली बसले. भरती-ओहोटी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, आणि दिव्यात तेल घालून आलेला हा माणूस समुद्राला धरणाचे दरवाजे लावत होता! हसता हसता आईकडं पाहिलं. ती हसत नव्हती. बाबांचंही तिच्याकडं लक्ष गेलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं.

"मंग कुठवर गेलते तुमी?" आईनं विचारलं.

बाबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "आदिलाबाद. ट्रक बिघडला तिथं. दुसऱ्या दिशी वापस आलो."

"आदिलाबाद," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून पाण्याकडं बघत बसली. पांढरकवड्याहून आदिलाबाद म्हणजे सकाळी जाऊन जेवायला घरी यावं इतकं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. बाबांना पकडायची एवढी हौस होती, पण पकडल्यावर काय करायचं ते मी ठरवलंच नव्हतं. मला भीती वाटली, खरंच वाटली.

दार उघडलं तेव्हा आई सगळ्यांत आधी उठली. बाबा तिथंच बसून राहिले, गुडघ्याचं निमित्त हाताशी होतंच. आई पायरीवरून परत आली, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत वर नेलं. वळणा-वळणाचा जिना, बाबांची धाप, मागून मी. वर पोचलो तर पुढं आभाळापर्यंत पाणीच पाणी. दोघं कठड्याला धरून कितीतरी वेळ उभी होती.

मग आई म्हणाली, "बरं झालं पयले नाई पाह्यलं तुमी. मी एकटीच अडाणी ठरली असती."

बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. वारा फार आहे, असं मला सांगितलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा डोक्यावर दिवा लागला होता, तेलाशिवाय. ओसरत्या पाण्यातून रखवालदारानं आम्हाला पलीकडं नेलं आणि बाबांना समुद्राबद्दल एक शब्दही विचारला नाही, म्हणून मला तो फार आवडला.

आता सगळं मिटलं, असं मी धरून चालले होते. राळेगावला पोचलो त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू अंगणात येऊन बसल्या. बाबांना खाज आवरेना. यंदा पाणी जरा जास्तच होतं, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एवढं नव्हतं, असं त्यांनी सुरू केलं. मी आईकडं पाहिलं. ती सुपात तूर निवडत होती, मान वर न करता.

"मी नोका म्हणू," ती म्हणाली. "आमी म्हणा. पयल्यांदा गेलतो तवा आमी दोघंच होतो, काकू."

काकूंनी हिशेब लावला. "म्हंजे लग्नाच्या आंधी?"

"हाव," आई म्हणाली, आणि सुपातला खडा वेचून फेकला.

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. काकूंना खरं सांगायचं, तर आदिलाबाद सांगावं लागलं असतं.