आईच्या नावाचा ठराव

प्रभुभोजनाचा ट्रे माझ्या आईच्या डोक्यावरून गेला. खरोखरच डोक्यावरून. ती देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर बसलेली. पुढच्या बाईनं ट्रे तिच्याकडं केला, तेवढ्यात चर्चकमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी तो वरच्या वर उचलला आणि पलीकडच्या रांगेत नेला.

"त्या शिस्तीखाली आहेत," म्हणाले. सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं.

त्या ट्रेमधले द्राक्षरसाचे काचेचे बारके प्याले सकाळी आईनंच धुतले होते. गरम पाण्यात. मग एकेक उजेडाकडं धरून, मऊ फडक्यानं पुसून. प्याले धुवायला तिचे हात चालत होते. प्यायला तिचं तोंड चालत नव्हतं.

दौंडची गोष्ट ही, नव्वदनंतरची. आम्ही मूळचे शिरूर तालुक्यातले, गावकुसाबाहेरचे. आजोबांनी मिशनच्या साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, दौंडला आले, रेल्वेत खलाशी लागले. देवळात सगळे सारखे, असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. सारखे कसले डोंबलाचे! पुढची तीन बाकं बंगलेवाल्यांची. त्यांचे बापजादे मिशनच्या शाळेत मास्तर होते ना! मागं आम्ही. झाडायला, पाणी भरायला, प्याले धुवायला आमच्यातलंच कुणीतरी. बाप लवकर गेला, तवापासून आई.

आणि तिचा गुन्हा काय? तर मी. कुरकुंभच्या कंपनीत मी गोळ्यांच्या पॅकिंगला होते. तिथं कवठे येमाईचा एक धनगराचा पोरगा भेटला. त्याच्या गावात जाऊन हिंदू रीतीनं लग्न केलं. आई आली, माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, डोळे पुसले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. पुढच्या रविवारी सेक्रेटरीसाहेबांनी तिला देवळाच्या पायरीवर उभं केलं.

"चर्चच्या कायद्याप्रमाणं तुम्ही शिस्तीखाली. शेवटच्या बाकावर बसायचं. भोजन बंद. कमिटीचा माफीचा ठराव होईपर्यंत."

आई म्हणाली, "व्हय साहेब."

दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या पोरानं पुण्यात सात फेरे घेतले. साहेब मांडवात फेटा बांधून बसले होते. आणि पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर! मी विचारलं, तर म्हणाले, "सूनबाई बाप्तिस्मा घेणार आहेत." ती अजून घेतेच आहे.

सहा वर्षं असं चाललं. मी माहेरी आले की भांडायचे. "सोड ते प्याले. त्यांचे त्यांना धुवू दे." आई म्हणायची, "मानसांचा राग देवाच्या भांड्यावर काढू न्हाई, बाई. कायदा हाय तो." मी कायद्याला शिव्या घालायचे. तो कुठं लिहिलाय, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. तिनं कशालाच हट्ट केला नाही. एकच म्हणाली, "जायच्या आदी एकदा भोजन मिळालं तर बघ की गं."

मी बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते. बस म्हणाले नाहीत.

"कायद्यात बसत नाही. कमिटी पुढच्या महिन्यात आहे."

"साहेब, तिला पुढचा महिना नाही."

"मग देवाची इच्छा."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, नवीन होते, तरुण. साहेबांना घाबरायचे, पण मऊ काळजाचे. एका दुपारी, बंगल्यावर वामकुक्षी चाललेली असताना, पिशवीत भाकर, द्राक्षरसाची बाटली आणि एक प्याला घेऊन आमच्या घरी आले. आईनं तोंड धुवून मागितलं. डोक्यावर पदर घेतला. भिंतीला टेकून बसली. सहा वर्षांनी तो प्याला भरलेला तिच्या हातात आला. ओठांपर्यंत नेला, आणि थांबली.

"ठराव झाला का?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "नाही. पण मावशी, मी देतोय ना..."

"मग नगं. चोरून न्हाई घ्यायची मी."

मी पाया पडले तिच्या. म्हटलं, घे गं आई, घे. तिनं प्याला माझ्याकडं दिला. म्हणाली, "नीट धुवून दे त्यांचा."

तिसऱ्या दिवशी गेली. कब्रस्तानाच्या कुंपणाजवळच्या कोपऱ्यात तिला माती दिली.

महिन्यानं मी पाळकसाहेबांना म्हटलं, "तो कायदा मला दाखवा." त्यांनी देवळातलं कपाट उघडलं. पुस्तक इंग्रजी, वाळवीनं खाल्लेलं. मी बारावी झालेली. डिक्शनरी आणली, शिफ्ट सुटली की एकेक ओळ लावत बसायचे. त्यात लिहिलं होतं, लेखी नोटीस दिल्याशिवाय, त्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय, कमिटीचा ठराव केल्याशिवाय कुणाला शिस्तीखाली ठेवता येत नाही. आणि मरणाच्या दारातल्या माणसानं भोजन मागितलं, तर नाही म्हणायचा कुणालाच अधिकार नाही.

मग आम्ही दोघांनी कमिटीच्या मिनिटबुकाची, बैठकांच्या नोंदवहीची, सहा वर्षांची पानं चाळली. आईचं नाव कुठंच नव्हतं. तिला बंद करायचा ठराव कधी झालाच नव्हता. साहेबांचं तोंड, तोच कायदा. माझी आई एका नसलेल्या ठरावाचा मान राखून उपाशी मेली. मी त्या कपाटाला डोकं लावून रडले. पाळकसाहेबही रडले. त्या दुपारी हे पुस्तक माझ्या हातात असतं तर ती प्याली असती हो!

सभासदांच्या यादीत माझंही नाव शाबूत होतं. वार्षिक सभेत उभी राहिले, कलमं वाचून दाखवली. पहिली तीन बाकं खाली बघत होती.

साहेब म्हणाले, "झालं गेलं. माती दिली ना आपण त्यांना?"

"माती नव्हती मागितली तिनं. ठराव लिहा. तिला शिक्षा झाली ती कायद्याबाहेर, मंडळी चुकली, असं मिनिटबुकात लिहा. तिच्या नावानिशी."

त्यांनी रजिस्टर मिटलं.

ते पुस्तक मी वहीत मराठीत उतरवलं. झेरॉक्स काढून मागच्या बाकांवरच्या घराघरात दिलं. कुणाला पायरीवर उभं केलं, तर आता बाया विचारतात, नोटीस कुठाय?

आणि मी प्रभुभोजनाच्या रविवारी दौंडला येते. आईच्या जागेवर बसते. आता ट्रे डोक्यावरून जात नाही, समोर येऊन थांबतो. मी हात मांडीवर ठेवते. सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं विचारते,

"ठराव झाला का?"

पाळकसाहेब मान खाली घालतात.

"मग नको."