रसात तेल पडलं तेव्हा

सकाळी साडेअकराला मशीनमधून ग्राफ बाहेर आला आणि क्षणभर वाटलं, मी कागद उलटा धरलाय. जो उंचवटा दबायला हवा होता, तो ताडासारखा वर गेला होता.

अमरावतीतल्या एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये मी सीनियर केमिस्ट आहे. शेंदूरजनाघाटचे रफिकभाई आमचे क्लायंट. संत्र्यांचा व्यापार घरचा, यंदा त्यांनी बाटलीबंद रस काढला. बाटलीवर ‘पोटाचा रक्षक’ छापायचं होतं, त्यासाठी आमचा रिपोर्ट हवा होता.

मागणी हवेतली नव्हती. पालक, मेथी, बीट खाल्लं की त्यातलं नायट्रेट लाळेत येतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. पोटातल्या आम्लात त्याची नायट्रिक ऑक्साइडच्या कुळातली संयुगं होतात. त्यातली काही अन्नातल्या अमाइन नावाच्या घटकांना चिकटून नायट्रोसामाइन तयार होतं, आणि त्याच्यावर कॅन्सरचा संशय आहे. संत्र्यातलं व्हिटॅमिन सी आधीच मध्ये पडून नायट्राइटचं साधं नायट्रिक ऑक्साइड करतं. तो वायू एकटा अमाइनच्या वाटेला जात नाही.

आम्ही काचेच्या भांड्यात पोट मांडलं. आम्ल, नायट्राइट, अमाइन आणि शरीराइतकी ऊब. रस घातला आणि नायट्रोसामाइनचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला. रफिकभाई ग्राफ बघायला स्वतः आले. बोलता बोलता मी विचारलं, लोक रस कधी पितात?

“उपाशी पोटी कोन पेते मॅडम? तेलात तळलेला गिलावडा खातेत, मंग वरतून ज्यूस पेतेत.”

ते हसले. मी मात्र भांड्याकडे बघत राहिले. माझ्या काचेच्या पोटात तेलाचा थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तेल घातलं, आणि तो उलटा वाटणारा ग्राफ आला. आधी स्वतःवरच संशय घेतला. नुसतं तेल घालून पाहिलं, उंचवटा बेताचा. तेल आणि रस दोन्ही, की ताड. मग सहकारी वैशालीला कुठल्या बाटलीत काय आहे ते न सांगता सगळं नव्याने करायला लावलं. तिचेही ग्राफ तेच. आम्ही दोघी जेवायचं विसरलो.

कारण हळूहळू जुळत गेलं. नायट्रिक ऑक्साइड वायू पाण्यापेक्षा तेलात सहज शिरतो. तिथे त्याला ऑक्सिजन भेटतो आणि तो पुन्हा अमाइनला चिकटणारा होतो. व्हिटॅमिन सी पाण्यातलं, त्याला तेलात जाता येत नाही. मग तेलात विरघळणारं व्हिटॅमिन ई घालून बघितलं. उंचवटा बराच खाली आला. कागद घेऊन मी जवळपास धावतच गावंडे सरांच्या केबिनमध्ये गेले.

लॅब त्यांची. क्लायंटने रसाची टेस्ट मागितली आहे, तेलाची नाही, पहिला रिपोर्ट देऊन टाक, असं ते म्हणाले.

“देतो सर,” मी म्हटलं. “पन खाली ‘फक्त उपाशी पोटी’ असं लिवतो. नाही तर सही तुमी करा.”

सरांनी दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, “रफिकभाईले बोलाव.”

लेबलं अकोल्याच्या प्रेसमध्ये छपाईला गेली होती. रफिकभाई आले. मी काचेच्या ग्लासात तेल आणि पाणी घेऊन त्यांना सगळं दाखवलं. हेही सांगितलं, की हे भांडं आहे, माणसाचं पोट नाही; संत्र्याला घाबरायचं कारण नाही, पण रक्षणाची हमी आम्हाला देता येणार नाही.

“म्हंजे संत्रं वाईट नाही,” ते म्हणाले, “पन म्या जे लिवून राहिलो, ते पक्कं नाही.”

मी हो म्हटलं.

“मंग कावून छापू?”

माझ्यासमोरच त्यांनी अकोल्याला फोन लावला आणि छपाई थांबवली. आता त्यांच्या बाटलीवर फक्त ‘संत्र्याचा रस’ एवढंच आहे.

गावंडे सरांनी आमच्या टेस्टच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे: ‘ग्राहक हे कशासोबत खातो?’ बहुतेक क्लायंट तो कोराच सोडतात. आम्ही फोन करून विचारतो.