तीन सह्यांचा कागद

तीन शहाणी माणसं एका टेबलाशी बसून चौथ्याचं भलं ठरवायला लागली, की ठराव थोडे होतात आणि किस्से फार साठतात. ठराव फाईलीत जाऊन पडतात. किस्से मात्र माणसाच्या मागे घरापर्यंत येतात. आमच्या जळगावच्या शनिवारच्या मंडळीचे माझ्याजवळ इतके साठलेत, की कोणी ‘मास्तर, तेव्हा काय काय झालं हो?’ म्हणून विचारलं, की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. आज थोडे सांगतो. हसू आलं तर हसा. मला हल्ली येत नाही.

आधी मंडळी कोण, ते सांगतो. शमुवेलभाऊ हे मिशनच्या चर्चचे पाळक. इंग्रजी उत्तम, मराठी त्याहून उत्तम. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. सरकारनं किंवा लोकल बोर्डानं काही नवं करायचं म्हटलं, की त्याच्याकडे तीन बाजूंनी पाहावं: बायबल काय म्हणतं, कायदा काय म्हणतो, आणि प्रत्यक्षात ते चालेल का. बायबल त्यांच्याकडे. कायद्यासाठी त्यांनी नानासाहेब वकिलांना ओढलं. नानांकडे हिंदुस्थान सरकारचा एकोणीसशे पस्तीसचा कायदा होता, आणि कोणतीही गोष्ट निघाली की ते ‘घटनेत बसतं का पाहू’ म्हणून तो उघडत. व्यवहारासाठी आबा पाटील. हे पाचोऱ्याकडचे, गावचे पाटील आणि बोर्डाचे मेंबर. दर शनिवारी कापसाच्या कामानं रेल्वेनं जळगावला यायचे. मी बोर्डाच्या शाळेतला मास्तर. अक्षर बरं, म्हणून मिनिट्स लिहायला.

बैठक शमुवेलभाऊंच्या ओट्यावर. चहा त्यांच्या घरचा. आबा घेत. नाना घेत नसत, ‘पित्त होतं’ म्हणत. नानांच्या स्वतःच्या घरी चहा दिवसातून चार वेळा होई. शमुवेलभाऊंनी नऊ वर्षं दर शनिवारी त्यांना विचारलं, आणि नऊ वर्षं पित्ताची चौकशी केली.

बोर्डाच्या अध्यक्षांना आमचा उद्योग कळला आणि ते आपले ड्राफ्ट आमच्याकडे मताला पाठवू लागले. आम्हांला वाटलं, केवढा मान दिला. पुढे कळलं, की आमच्या कागदावर तीन सह्या असल्या म्हणजे ‘लोकमत घेतले’ असं वर कळवता येत होतं.

*

पहिला ड्राफ्ट दारूच्या दुकानाचा. जामनेर तालुक्यातल्या एका गावी मुलींच्या शाळेला लागूनच दुकान होतं. तक्रारी आल्या होत्या.

शमुवेलभाऊंनी नोहाची गोष्ट सांगितली. जलप्रलयातून वाचलेला एवढा मोठा माणूस, पण पिऊन तंबूत उघडा पडला आणि लाजायची वेळ पोरांवर आली. नाना म्हणाले, “दुकानाला लायसन्स आहे, बंद करता येणार नाही. शाळा आणि दुकान यांत पुरेसं अंतर असावं, एवढं आपण म्हणू शकतो.” आबा म्हणाले, “अंतर पाहिजेच. दारुड्या मानूस लांब चालत नही, रस्तामाच पडस.”

तिघांनी सह्या केल्या. बोर्डानं आमची सूचना शब्दशः मान्य केली. अंतर ठेवलं.

शाळा हलवली. गावाबाहेर, मेलेली ढोरं सोलतात त्या जागेजवळ. पावसाळ्यापर्यंत मुली अर्ध्याच राहिल्या.

*

मग सक्तीच्या शिक्षणाचा ड्राफ्ट आला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड. शमुवेलभाऊंचे डोळे पाणावले. प्रभूनं लेकरांना जवळ बोलावलं होतं, त्यांना अडवू नका म्हणून सांगितलं होतं, असं ते म्हणाले. नानांनी अधिकार कोणत्या कलमाखाली येतो ते दाखवलं. आबा म्हणाले, कापूस वेचायच्या दिवसांत सुट्टी द्या म्हणजे झालं. मी सगळं सुवाच्य लिहिलं. बोर्डानं दंड घेतला आणि सुट्टी वगळली.

पहिली नोटीस निघाली ती एका मांग माणसाला. तो बिचारा ती घेऊन थेट शमुवेलभाऊंकडे आला. म्हणाला, “साहेब, मी पोराला तीनदा नेलं. मास्तर आत घेत नाही. ओट्याच्या खाली बस म्हणतो, आणि पाऊस आला की घरी जा म्हणतो. मग न पाठवणारा मी कसा?”

शमुवेलभाऊंनी नानांकडे पाहिलं. नानांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कायद्यात शिक्षा न पाठवण्याला आहे. न घेण्याला नाही.”

माणूस नोटीस घडी करून गेला. मीही मास्तरच होतो. खाली मान घालून त्या दिवसाची मिनिट्स लिहीत बसलो.

*

शहरात भिकारी फार झाले, म्हणून भीक मागायला बंदी करावी असा एक विचार निघाला. ह्यावर मात्र आमच्यात वाद झाला. शमुवेलभाऊ म्हणाले, श्रीमंताच्या दाराशी फोड आलेला लाजर पडून होता, देवानं दोष लाजराला दिला नाही, दारवाल्याला दिला. नाना म्हणाले, साधू, फकीर, गोसावी यांना हात लावला तर धर्मात ढवळाढवळ होईल, त्यांना वगळा. आबांचं म्हणणं, “मंग भिकारी कोन आन साधू कोन, हाई शिपाई कसं वयखी?”

“वेषावरून,” नाना म्हणाले.

तसंच लिहून गेलं. बंदी आली आणि आठ दिवसांत स्टेशनपासून बाजारापर्यंत सगळे भगवे झाले. पकडली गेली एकच, चर्चच्या पायरीवर बसणारी आंधळी मार्थाबाई. शमुवेलभाऊ चौकीवर धावले. शिपाई भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं, “पाळकसाहेब, हिच्या गळ्यात नुसती एक माळ असती ना, तरी मी सोडली असती.”

*

लढाईच्या दिवसांत धान्याचा प्रश्न आला. बोर्डानं धान्य गोळा करून कोठारात ठेवावं आणि टंचाईत वाटावं, असा ड्राफ्ट. शमुवेलभाऊंना इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. हा तर थेट बायबलातलाच प्रस्ताव, म्हणाले. मिसरात योसेफानं सात सुकाळी वर्षं धान्य साठवलं आणि सात दुष्काळी वर्षं जग जगवलं. त्यांनी ती गोष्ट अशी सांगितली, की नानांनीसुद्धा कायदा मिटून ठेवला.

आबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, “भाऊ, योसेफ भला मानूस व्हता. पन त्याले मेहुना कितला व्हतात?”

सगळे हसले. मीही हसलो. कोठार झालं, आणि त्याची किल्ली अध्यक्षांच्या मेहुण्याकडे गेली. पुढच्या वर्षी रांगेत उभं राहून मी जी ज्वारी आणली, तिच्यात अळ्या होत्या. बायकोनं ती उन्हात घातली. कोंबड्याही खाईनात.

*

आता विहिरीचं सांगतो.

बोर्डाच्या पैशानं बांधलेल्या विहिरी सगळ्या जातींना खुल्या आहेत असं जाहीर करावं की नाही, यावर मत मागितलं होतं. त्या शनिवारी तिघांचं, एकही ‘पण’ न लावता, पहिलं आणि शेवटचं पूर्ण एकमत झालं. शमुवेलभाऊंनी शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. विहिरीवर प्रभू तहानलेला बसला होता, आणि ज्या बाईच्या हातचं कोणी घेत नव्हतं तिच्याकडे त्यानं पाणी मागितलं. नाना म्हणाले, “नवा कायदाही नको. मुंबईच्या कौन्सिलनं हे कधीच ठरवलंय. आपण फक्त पाटी लावायची.” आबांनी तर स्वतःहून सांगितलं, “पहिली पाटी मना गावमा लावा. मी पाटील शे ना तठे.”

मी लिहिलं: धर्मदृष्ट्या योग्य, कायद्याने मान्य, व्यवहारात शक्य. तिघांनी सह्या केल्या. शमुवेलभाऊंनी उभं राहून प्रार्थना केली, आणि नाना प्रार्थनेला उभे राहिले.

पाटी लागली. आबांच्या गावात गावकुसाबाहेर मिशनची एक लहान शाळा होती. तिथे रूथबाई शिकवायच्या. तिशीच्या, विधवा, चर्चच्याच. गावच्या शाळेत न घेतलेली सगळी पोरं त्यांच्याकडे यायची. पाणी नाल्यातल्या झिऱ्यातून आणायच्या. शमुवेलभाऊंनी त्यांना हौसेनं पत्र लिहून कळवलं, की पाटी लागली आहे, तिघांचं एकमत आहे, आबा आपले आहेत.

रूथबाई दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन विहिरीवर गेल्या. पाटी वाचली. पाणी शेंदायला वाकल्या. मागून कोणीतरी घागर लाथेनं उडवली. मग काठ्या आल्या. उजवा हात कोपराच्या खाली दोन ठिकाणी मोडला.

काठी मारणाऱ्यांत पहिला होता आबांचा सख्खा पुतण्या. आबा चावडीच्या पायरीवर उभे होते. चावडी विहिरीसमोरच आहे.

*

खटला पाचोऱ्याला चालला. पुतण्याचं वकीलपत्र नानांनी घेतलं. शमुवेलभाऊ त्यांच्या घरी गेले, मी बरोबर होतो. शमुवेलभाऊ म्हणाले, “नाना, त्या कागदावर तुमची सही आहे.”

“आहे की,” नाना म्हणाले. “ते माझं मत होतं. ही माझी वकिली आहे. आबांच्या घराण्याचं काम माझ्याकडे वडिलांपासून आहे.” आणि मग, अगदी मनापासून, “तुम्ही बसा तरी. चहा टाकायला सांगतो.”

शमुवेलभाऊ बसले नाहीत.

मिनिट्सचं बुक मी कोर्टात दाखल केलं. अध्यक्षांनी निरोप पाठवला होता, की सापडत नाही म्हणून सांगा. मी नेऊन दिलं. शौर्य वगैरे काही नव्हतं. मांगाच्या नोटिशीच्या दिवशी मान खाली घातली होती, तेवढं एकदा फेडायचं होतं. नानांनी ते बुक हातात घेऊन कोर्टाला सांगितलं, की हे चार मित्रांचं खाजगी टिपण आहे, याला कायद्यात काही किंमत नाही. खरंच होतं ते.

आबांची साक्ष झाली. त्यांना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत. आबांनी पागोटं सारखं केलं. “साहेब, मना डोयामा उन्ह व्हतं. माले काही दिसनं नही.”

चावडीच्या पायरीवर त्या वेळी वडाची सावली असते. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोर्टाला नव्हतं. सगळे सुटले.

बाहेर पडल्यावर शमुवेलभाऊ रूथबाईंना म्हणाले, “बाई, त्यांना क्षमा करा. जळगावच्या शाळेत मी तुमची सोय करतो.”

रूथबाईंचा हात अजून फळीला बांधलेला होता. त्या म्हणाल्या, “क्षमा झाली, पाळकसाहेब. पाणी राहिलं.”

त्या गावी परत गेल्या. त्या शनिवारी मी ओट्यावर गेलो तर शमुवेलभाऊ एकटेच होते. चहाचे चार कप मांडलेले होते. पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. मंडळी तिथे संपली.

*

महिन्याभरात बोर्डानं माझी बदली केली. कुठे, तर आबांच्याच गावी. अध्यक्षांना विनोदाचं अंग होतं.

माझी शाळा चावडीला लागून. खिडकीतून विहीर दिसायची. रुजू झालो त्या सकाळपासून मी पाहिलं ते असं. उजाडलं, की रूथबाई रिकामी घागर घेऊन यायच्या आणि विहिरीपासून चार हातांवर जमिनीवर बसायच्या. कोणाशी बोलायच्या नाहीत, पुढे सरकायच्या नाहीत. आता त्यांना कोणी मारत नव्हतं, पण दोरही कोणी देत नव्हतं. खटल्यानंतर गाव तेवढं सावध झालं होतं. बायका यायच्या, भरायच्या, पदर सावरून जायच्या. त्यांची शाळा माझ्यापेक्षा उशिरा भरे; तिची वेळ झाली, की रूथबाई रिकामी घागर उचलून आपल्या पोरांकडे जायच्या. असं रोज. उन्हाळा तापत गेला, तरी रोज.

आबांच्या घरातून पाणी भरायला अक्का यायच्या. अक्का म्हणजे आबांची बायको. घरात गडीमाणसं होती, पण देवाचं पाणी त्या स्वतः आणत. साठीच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्याही आल्या वाटेनं जायच्या. रूथबाईंकडे पाहायच्या नाहीत.

एका सकाळी विहिरीवर दोघीच होत्या. अक्कांनी आपली घागर भरली. मग पुन्हा बादली सोडली, ओढली, आणि ती घेऊन रूथबाईंकडे गेल्या. हात उंच धरून, कुठे काही लागणार नाही अशा बेतानं, त्यांनी रूथबाईंच्या घागरीत वरून पाणी ओतलं. काठोकाठ.

रूथबाईंनी पाण्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं घागर आडवी केली. सगळं पाणी मातीत गेलं.

अक्का म्हणाल्या, “काय व, पानी दिनं ना तुले?”

“माले पानी नको, अक्का,” रूथबाई म्हणाल्या. “दोर पाहिजे.”

 मी वर्गात हजेरी घेत होतो ती थांबली. मग अक्का वळल्या. विहिरीच्या काठाशी गेल्या. आपल्या बादलीचा दोर त्यांनी सोडवला, त्याचं नीट वेटोळं केलं आणि रूथबाईंच्या बाजूच्या काठावर ठेवलं. आपली भरलेली घागर होती तिथेच ठेवली, आणि रिकाम्या हातानं घराकडे चालू लागल्या.