उजव्या बैलाची बाजू

संगणकावरच्या चित्रांचा इतिहास हा माणसाने वास्तवावर मिळवलेल्या विजयाचा इतिहास आहे. हे वाक्य मी एका शाळेच्या बक्षीस समारंभात बोललो होतो आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेले विजय बहुतेक बैलांवरचे होते.

भंडाऱ्यात फ्लेक्सचं दुकान टाकण्याआधी संगणकाच्या वर्गात मी माउसने पहिला बैल काढला, चौकोनी ठिपक्यांचा. मास्तरांनी तो कपाट समजून चांगला म्हटला. पुढे स्कॅनर आला आणि शिंगांभोवती एकेक बिंदू टाकून बैल कापून काढण्यात माझ्या अख्ख्या दुपारी जाऊ लागल्या. मग थरावर थर ठेवता येऊ लागले: खाली आभाळ, मध्ये बैल, वर धूळ. आता मोबाईल एका बोटात मागचं सगळं पुसतो, आणि सांगितलं तर कधी न जन्मलेला बैलही काढून देतो, कातडीवरच्या चमकेसकट.

गेल्या हिवाळ्यात एकोडीकडचा एक वयस्क शेतकरी दुकानात आला. गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्याची जोडी धावणार होती आणि स्वागताचा फ्लेक्सही समितीने त्याच्यावरच सोपवला होता. उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांच्या माणसांनी कळवलं होतं की साहेबांचा फोटो डावीकडेच हवा, आणि मोठा. जोडीचा फोटो एकच होता, त्यात बैल उजवीकडे धावत होते. म्हणजे साहेबांच्या तोंडासमोर दोन शेपट्या. मी एक बटण दाबून बैल आरशातल्यासारखे उलटे केले. आता ते निष्ठेने साहेबांकडे धावू लागले. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

शेतकऱ्याने पडद्याकडे पाहिलं आणि तो खुर्चीतून उठलाच.

“भाऊ, माह्या उजव्याले तू डाव्या बाजूनं काहून जुंपला?”

बैल ज्या बाजूला शिकतो, त्याच बाजूला जन्मभर चालतो. हे मला ठाऊक होतं. माझे वडील धानाच्या बांधीत जोडी हाकायचे. तरी मी बटण दाबलं, कारण बटण होतं. चित्रच तर आहे, कोण एवढं बघतो, असं मी म्हणून पाहिलं. तो म्हणाला, अशी जोडी मैदानाच्या फाटकावर टांगली तर पट जिंकूनही गाव वर्षभर हसेल.

मी साहेबांचा नियम सांगितला. शेपट्यांचीही कल्पना दिली. त्याने मलाच विचारलं.

“साहेबाले बैलाची डावी-उजवी समजते का?”

“नसन समजत, काका.”

“गावाले समजते. कर सरळ.”

केलं सरळ. पटाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. फाटकावर साहेब हसत होते आणि त्यांच्या नाकापुढे दोन शेपट्या उधळल्या होत्या. येणारा प्रत्येक म्हातारा थांबून आधी शिंगं, मग पाय, मग बाजू बघायचा आणि मान डोलवून आत जायचा. खरे साहेब गळ्यात हार घेऊन खालून गेले, वर न बघता. शेतकऱ्याची जोडी शर्यतीत दुसरी आली. तो पहिला आल्यासारखा वाजंत्रीपुढे नाचला, त्याने मलाही ओढलं, आणि मी बराच वेळ, फारसं बरं नाही, पण नाचलो.

तो फ्लेक्स आता त्याच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर अंथरलेला आहे. पाणी आत जात नाही.