चारही चाकं तापली

माझं लग्न झालं तेव्हा सक्करदऱ्याच्या आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड गाडीचे होते. सासऱ्यांनी एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली ती जुनी विलायती गाडी. तिला पावसात काढायचं नाही, तिचं दार आपटायचं नाही आणि तिच्यासमोर तिला म्हातारी म्हणायचं नाही. मी माहेरून लायसन घेऊन आले होते. वर्षभर मागे लागले, तेव्हा कुठे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्या हातात चाबी दिली.

आणि नेमकी त्याच दिवशी गाडी अडायला लागली. दोन मैल गेलं की जड व्हायची, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की जागीच थांबायची. चाकांतून जळका वास. मामाजींनी रस्त्यातच निकाल दिला.

"सूनबाई, तू ब्रेकवर पाय ठेवून चालवून राहिली."

"नाही हो, मामाजी."

"मंग गाडी काहून रुसली? इतके वर्षं नाही रुसली."

चाबी त्यांच्या खिशात गेली. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या चहात साखर कमीच घातली. पण रागापेक्षा भीती मोठी होती. हा ठपका एकदा बसला की चाबी जन्मात परत मिळणार नव्हती. म्हणून तिसऱ्या दिवशी मामाजी गाडी मिस्तरीकडे न्यायला निघाले, तेव्हा मी न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले.

कामठी रोडवर मिस्तरीची टिनाची शेड होती. पोचल्याबरोबर त्याने चारही चाकांवर पाणी शिंपडलं. तापल्या तव्यासारखा चुर्र आवाज झाला.

"बाबूजी, चारही तापले. गाडी आणली कोणं?"

"मीच आणली. पण हे गरम सूनबाईनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालवली तेव्हाचं आहे."

"त्याले तं तीन दिवस झाले ना!"

"जुनं लोखंड आहे गा. लवकर थंडं नाही होत."

मिस्तरी शहाणा होता. त्याने चहा मागवला आणि चाकं हाताला गार लागेपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. मग मामाजींना एकट्यालाच फेरी मारायला पाठवलं. ते निघाले तेव्हा पाय ब्रेकपासून इतका दूर धरला होता की गुडघा स्टिअरिंगला लागत होता. परत आले. पुन्हा पाणी, पुन्हा चुर्र.

"तिनं सवय लावली गाडीले," मामाजी म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्तरीने मला हातानेच थांबवलं. "एकच चाक तापलं असतं तं बिघाड त्या चाकात. चारही तापले म्हणजे बिघाड तेलाच्या डब्यात," असं म्हणून त्याने ड्रायव्हरच्या पायाखालची सतरंजी उचलली, खालचा पत्रा काढला, आणि तिघेही वाकून पाहू लागलो.

ब्रेकच्या तेलाच्या डब्याचं झाकण शेंदराने माखलं होतं. बोटभर थर, वाळून कडक. त्यात अक्षता रुतलेल्या, आणि झेंडूची एक पाकळी.

"झाकणाले हवेचं छेद असते, बाबूजी. ते बुजलं. दाब आतच कोंडला. ब्रेक सुटन कसा?" त्याने झाकण फिरवलं. फुस्स आवाज झाला आणि गाडी आपल्या मनाने हातभर पुढे सरकली.

मामाजींनी शेंदरात रुतलेली पाकळी नखाने सोडवली. "दसऱ्याले सगळ्या गाडीची पूजा केली," ते हळूच म्हणाले. "जीव तं ब्रेकच वाचवते. त्याचीच काहून राहू द्यायची?"

"पूजा करा ना. पण देवाचं नाक नका बंद करू," मिस्तरी म्हणाला.

मी पदर तोंडात कोंबला.

मामाजींनी माफी मागितली नाही. ते त्यांतले नव्हतेच. मिस्तरीने तारेने छिद्र मोकळं केलं, झाकण मात्र त्यांनी स्वतः लावलं. मग हात पुसले आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

"पाहून काय राहिली? चालव."

मला एवढा आनंद झाला की पहिल्या झटक्याला गाडी बंदच पाडली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पुढे घरापर्यंत मात्र सायकल दिसली की त्यांचा उजवा पाय खालच्या फळीवर दाबला जायचा, बैल दिसला की दोन्ही. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. मी काही ते त्यांना सांगितलं नाही.