मेलेल्या सेलचा दिवा

बुवापाड्यात वीजकपातीविरुद्धच्या मोर्चाची पत्रकं मी वाटत होतो, पण गर्दी होती एका अनोळखी मावशींच्या ओट्याभोवती. दाताने चावूनही न चालणारे रिमोटचे सेल बायका त्यांना आणून देत. जुन्या सीएफएल बल्बमधून काढलेल्या फेराइटच्या कडीवर तांब्याची तार गुंडाळून, ट्रान्झिस्टर जोडून, मावशी त्याच सेलवर एलईडी पेटवत.

"मावशी, संध्याकाळी मोर्चाला या," मी म्हणालो.

"येते की रे! पण भाषण लवकर आटप हां, हे सेल आधीच मरायला टेकलेत."

सगळे हसले. मी जळलो.

संध्याकाळी सगळा पाडा आला, पण मावशींच्या मागून. प्रत्येकाने हातातल्या दिव्याभोवती माझ्या पत्रकाची पुंगळी केली होती. माझा मथळा पहिल्यांदाच लांबून वाचता येत होता, तरी मी जळतच होतो.