दाखलेबाई

मांडवात शिरल्यावर बायका आधी नवरीचा शालू बघतात, दागिने बघतात, विहीणबाई रुसली आहे का तेही बघून घेतात. आमच्या बाई नवरीचं मनगट बघायच्या. कासारानं भरलेला चुडा कोपरापर्यंत सैल सरकत असला की माझ्या कानाशी लागून म्हणायच्या, "पंधरा. त्याच्यावर एक दिवस नाय." मग पिशवीतून चष्मा काढायचा, तो पदराला पुसायचा आणि सावकाश नवरीच्या बापापुढे जाऊन उभं राहायचं. "दादा, पोरीचा दाखला दाखवा." पंचक्रोशीत त्यांचं नाव दाखलेबाई पडलं ते यावरूनच. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आमची संस्था लहान मुलांच्या हक्कांसाठी काम करायची. उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, एक कपाट आणि पावसाळ्यात बंद पडणारा फोन, एवढा आमचा पसारा. मी फायली सांभाळायचे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या. "घरी बसून सुनेच्या भाजीत मीठ किती ते बघण्यापेक्षा हे बरं," असं म्हणाल्या. त्यांना सून नव्हती, एक मुलगी तेवढी होती, पण बोलायच्या अशाच. कचेरीतल्या साहेबांनाही त्या शाळेतल्या पोरांसारखंच वागवायच्या. एकदा एका साहेबांनी गिचमिड शेरा मारून कागद परत दिला, तर बाईंनी तो तिथंच मोठ्यानं वाचायला घेतला आणि दर शब्दाला अडून विचारलं, "हे काय लिवलंय? 'पाहून' का 'पाठवून'?" साहेबांनी शेरा पुन्हा लिहून दिला, आणि या वेळी सुवाच्य अक्षरात.

लग्न थांबवायची त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ग्रामसेवक आणि पोलीस आले, मंगलाष्टका थांबल्या, रडारड सुरू झाली, की बाकीचे लोक लगेच हमीपत्र लिहून घ्यायच्या मागे लागतात. बाई म्हणायच्या, "आधी पंगत बसवा. अन्न शिजलंय, ते वाया घालू नका. भरल्या पोटी माणूस हात उगारत नाय." आणि खरोखरच पंगत बसायची. बाई मुलाच्या आईशेजारी मांडी घालून बसायच्या, तिच्या पानात स्वतः वरण वाढायच्या. शिव्या घालत आलेले पाहुणे ताक पिऊन हळूहळू निवळायचे. मग बाई कागद काढायच्या आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्याशिवाय लग्न करणार नाही असं बापाकडून लिहून घ्यायच्या. मला मात्र त्या पंगतीत घास गिळवायचा नाही.

त्यांचं स्वतःचं लग्न नववीत झालं होतं. "दहावीचा पेपर मी द्यायचे आन् वर्गाबाहेर सासू माझी पोरगी सांभाळायची. पोरगी रडली की पर्यवेक्षक म्हणायचे, जा, पाजून ये." हे त्या हसत सांगायच्या. एवढंच सांगायच्या, पुढचं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आईबाप म्हणायचे, पोरगी दिसायला बारीक आहे पण अठरा पूर्ण आहेत. आजी म्हणायची, मोठ्या दुष्काळाच्या वर्षी झाली. बाई सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणायच्या, "तोंडानं सांगितलेलं वय मला चालत नाय. शाळेचा कागद काय म्हणतो ते सांगा." कायदाही तेच म्हणतो. शाळेची नोंद असली तर बाकी काही बघायचं नाही. त्या नोंदीच्या जोरावर बाईंनी किती लग्नं थांबवली ते आमच्या कपाटातल्या फायलींना ठाऊक. कितीतरी पोरी त्यामुळे पुढं शिकल्या. मला त्या काळी बाईंचा फार अभिमान वाटायचा.

मग मे महिन्यात एका दुपारी वैष्णवीचा फोन आला. बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील चितेगावच्या एका कंपनीत कंत्राटी वॉचमन. तिनं नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, नर्सिंगला जायचं मनात, आणि चार जूनला लग्न ठरलेलं. फोनवर रडत होती. बाई अगदी निवांत होत्या. "रडू नको. शाळेचा उतारा मोबाइलवर पाठव. बाकी मी बघते."

उताऱ्याचा फोटो आला. बाईंनी चष्मा लावला आणि फोन लांब धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं अक्षर दिसत नसेल, म्हणून मी वाचून दाखवलं. जन्मतारीख एक जून. या एक जूनला अठरा पूर्ण. खाली मुख्याध्यापक म्हणून सही होती ती बाईंचीच.

आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. पोर शाळेत आणलं, जन्माची नोंद नसली, की गुरुजी सहा वर्षं मागं मोजून एक जून टाकायचे. वैष्णवी शाळेत आली ती मोठ्या बहिणीचं बोट धरून. आई वीटभट्टीवर जायची, घरी सांभाळायला कुणी नव्हतं. पोरगी साडेचार वर्षांची. त्या वर्षी पट कमी भरला होता, आणखी कमी झाला तर शाळेतला एक शिक्षक जाणार होता. आणि नाव पटावर असल्याशिवाय खिचडी देता येत नव्हती. "ती दारात बसून बहिणीच्या ताटाकडं बघायची गं," बाई मला म्हणाल्या. "मी तिचं नाव पहिलीत घातलं. सहा वर्षं लिहिली. दीड वर्षानं काय होतंय, असं वाटलं मला."

बाई दुसऱ्याच दिवशी बालकल्याण समितीपुढे गेल्या. मी सोबत होते. सरळ उभं राहून सांगितलं, "ही तारीख खोटी हाय. मीच लिवलीय." समितीवरच्या मॅडम बाईंना चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी पाणी दिलं, बसवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, दुसरा पुरावा काय?" बाळंतपण भट्टीवर झालेलं, ग्रामपंचायतीत नोंद नाही. अंगणवाडीचं रजिस्टर छत गळून भिजलं, ते कधीच फेकून दिलेलं. हाडांची तपासणी करा म्हणावं, तर शाळेची नोंद असताना ती करता येत नाही, हे बाईंनीच तिथं शंभरदा सांगितलेलं. "आणि तुमची एक नोंद खोटी ठरली," मॅडम म्हणाल्या, "तर शाळेच्या नोंदींवर तुम्ही थांबवलेल्या बाकीच्या लग्नांचं काय? उद्या प्रत्येक बाप येऊन म्हणेल, माझ्याही पोरीची तारीख खोटी आहे." परतताना रिक्षात त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

वैष्णवीच्या आईला आम्ही घरी जाऊन भेटलो. "तुला तरी ठाऊक हाय ना, कवा झाली ती?" बाईंनी विचारलं. आईनं खाली बघितलं. "नाय आठवत, बाई." वडील मात्र आदरानं बोलत होते. खुर्ची पुसून दिली. "दोन वर्षं झाली, चांगलं स्थळ थांबवून ठेवलं तुमच्याच धाकानं. म्हटलं, एक जून होऊ द्या. तुमचा कायदा पाळलाय आमी. आता तुम्हीच आडवं याल तर आमी कुणाकडं जावं?" तो माणूस खोटं बोलत नव्हता. तो लबाड असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

चार जूनला बाई लग्नाला गेल्या. सोबत पोलीस नाहीत, ग्रामसेवक नाही, फक्त मी. त्यांनी वैष्णवीला खोलीत एकटीला गाठलं. "कागदावर तू अठराची हायस. आता तुझ्या एका शब्दाला मोल हाय. नको म्हण. नुसतं नको म्हण, मी इथंच थांबवते." खिडकीतून मांडव दिसत होता. वडील पाहुण्यांना वाकून वाकून नमस्कार करत होते. वैष्णवीनं तिकडे बघितलं. मग तिनं विचारलं,

"बाई, मी खरी किती वर्षांची हाय?"

"साडेसोळा."

"मग कागदावर अठरा कुणी लिवलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

बाहेरून आत्याची हाक आली आणि ती गेली. त्या दिवशी बाई पंगतीला बसल्या नाहीत.

त्यानंतरही त्या कचेरीत येत होत्या, पण शेजारी बसून मला कळायचं की माणूस आतून खचलंय. जन्मतारीख दुरुस्त करून मिळावी म्हणून शिक्षण खात्याकडे अर्जावर अर्ज करत होत्या. लग्न तर होऊन गेलं, आता कशाला, असं मी एकदा विचारलं. "तिची दीड वर्षं माझ्याकडं हायत," त्या म्हणाल्या. "ती मला ठेवून घ्यायची नायत." अर्ज परत यायचे. विद्यार्थिनीनं शाळा सोडल्यावर नोंद बदलता येत नाही, एवढंच उत्तर. आता बाई नाशिकला मुलीकडे असतात. फोनवर बोलतात, पण कामाचं विचारत नाहीत. मी सांगायला गेले तर तब्येतीचं काढतात.

त्या नाशिकला जायच्या आधी आम्ही दोघी एकदा सरकारी दवाखान्यात गेलो होतो. वैष्णवीनंच बोलावलं होतं. सातवा महिना, अंगात रक्त कमी, पाय सुजलेले. नवरा बाहेर बाकावर बसला होता. गरीब पोरगा, हातात ओआरएसची पुडी. रांगेत वैष्णवीनं बाईंचा हात धरला तो सोडला नाही. कारण खरं वय बाहेर आलं असतं तर दवाखान्याला पोलिसांना कळवणं भाग होतं, आणि तो बाकावरचा पोरगा तुरुंगात गेला असता. हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. बाईंना सांगायची गरज नव्हती.

सिस्टरनं केसपेपर पुढं ओढला. "वय?"

"एकोणीस," वैष्णवी म्हणाली.

सिस्टरनं पेन थांबवलं. तिच्या तोंडाकडे बघितलं, हातांकडे बघितलं. मग बाईंना विचारलं, "तुम्ही कोण हिच्या?"

"हिच्या शाळेतली बाई."

"मग बरं झालं. तुम्हाला नक्की ठाऊक असणार. एकोणीस लिहू ना?"

मी बाईंच्या शेजारी उभी होते. मला बोलता आलं असतं, मी बोलले नाही. बाईंनी वैष्णवीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"लिहा," त्या म्हणाल्या.